निळा दिवा बघून तक्रार दिली, ती ठाण्यात पोहोचलीच नाही

वाचकहो, या पानावर आपण नेहमी खत, औषध, बहार आणि बाजारभाव यांच्याबद्दल वाचता. आज गाडीच्या टपावरच्या दिव्याबद्दल लिहायला बसलोय. शेतीखात्यातल्या माणसाला दिव्याचं काय पडलंय, असं आपणास वाटेल. पण या दिव्यापायी एका शेतकऱ्याचा डाळिंबाचा हस्त बहार गेला आणि तो मी डोळ्यांनी पाहिला. तेव्हा हा विषय शेतीचाच आहे, असं धरून चालू.

आपल्या पूर्वेकडच्या दुष्काळी भागात आता माळ ओसाड राहिले नाहीत. कुठं पवनचक्क्या, कुठं सौर ऊर्जेचे प्रकल्प, कुठं टॉवर, तर कुठं वीज वाहून नेणाऱ्या मोठ्या वाहिन्यांची कामं. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याचं पठार, सांगली जिल्ह्यात ढालगावचा माळ, धुळ्यात साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल, ही नावं आपण ऐकली असतीलच. माळावर तांब्याची तार आली की तारेमागं चोर येतो, आणि चोरामागं रखवालदार. पूर्वी रखवालदार म्हणजे हातात काठी, खांद्यावर घोंगडी आणि बॅटरी. आता तो जीपमधून फिरतो. जीप पांढरी, बाजूनं निळा-लाल पट्टा, टपावर लुकलुकणारा निळा-लाल दिवा, आत खाकी कपड्यातली दोन माणसं. रात्री शंभर पावलांवरून बघितलं तर पोलीस कुठला आणि रखवालदार कुठला, हे मलाही सांगता येणार नाही. मग सत्तरीतल्या माणसानं ते कसं ओळखावं?

ही गोष्ट २०२४ च्या डिसेंबरातली. माझ्या कार्यक्षेत्रातल्या एका गावी आण्णा म्हणून शेतकरी आहेत. खरं नाव मुद्दामच देत नाही, आधीच त्यांची शोभा व्हायची तेवढी झाली आहे. दोन एकर भगवा डाळिंब, विहिरीवर कुसुम योजनेतला पाच अश्वशक्तीचा सौर पंप. दहा टक्के हिस्सा भरून तो २०२३ साली बसवलेला. लाइटची वाट बघत रात्री-अपरात्री विहिरीवर जाणं बंद झालं म्हणून म्हातारा खूश होता. एके दिवशी पहाटे विहिरीवर गेले तर चार प्लेटा गायब, खालची केबल कापून नेलेली. नटबोल्ट असे सोडवलेले, की जणू बसवणाऱ्यानंच खोलले.

आण्णा डोक्याला हात लावून बांधावर बसले होते. तेवढ्यात रस्त्यानं ती जीप आली. दिवा सुरूच होता. आण्णांनी हात केला, जीप थांबली. आतून खाकी कपड्यातले दोघं उतरले, विहिरीवर आले, बघितलं. एकानं वही काढून नाव, गाव, गट नंबर, प्लेटा किती, केबल किती मीटर, सगळं लिहून घेतलं आणि खाली आण्णांची सही घेतली. “वर कळवतो,” म्हणाले आणि गेले. आण्णांच्या हिशेबी तक्रार झाली. पोलीस घरापर्यंत आले, लिहून घेतलं, सही झाली, अजून काय पाहिजे? शेजारच्यानं विचारलं तर सांगायचे, “दिलीया की कंप्लेंट. सायेब स्वता येऊन बघून गेल्यात.”

तेरा दिवसांनी आमची गावात शेतीशाळा होती. ती संपल्यावर आण्णा मागं थांबले. म्हणाले, “सायेब, त्या प्लेटा कवा मिळत्याल वो? बागंला पानी पुरंना झालंय.” मी विचारलं, विम्याचा अर्ज केलाय का? या योजनांतल्या पंपाला पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा असतो, चोरीही त्यात धरलेली असते. हे आपल्याकडं दहातल्या सात जणांना माहीत नसतं. पंप बसवताना कागदांवर सह्या होतात, पण ते कागद कुणी वाचत नाही. असो. मी एफआयआरची प्रत मागितली. आण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांच्याकडं विमानाचं तिकीट मागितलं. “प्रत? त्या सायबांकडं आसंल की. वहीत लिवलंय.”

मी विचारलं, कोणते साहेब? कुठलं ठाणं? गाडीवर काय लिहिलं होतं? आण्णांचा नातू सातवीत आहे, तो मध्येच म्हणाला, “पेट्रोल लिहिलं होतं.” मला क्षणभर कळेना. मग उजेड पडला. दारावर मोठ्या इंग्रजी अक्षरांत ‘पॅट्रोल’ म्हणजे गस्त, असं लिहिलेलं. पोरानं त्याचं पेट्रोल केलं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत कुठल्याशा सुरक्षा संस्थेचं नाव होतं, ते कुणी वाचलंच नव्हतं. वाचणार तरी कसं? अक्षरं बोटाएवढी आणि दिवा कलिंगडाएवढा.

दुसऱ्या दिवशी मी आण्णांना मोटारसायकलवर बसवून पोलीस ठाण्यात घेऊन गेलो. ठाणे अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतलं, नोंदी बघितल्या. त्या तारखेला त्या गावची चोरीची एकही नोंद नव्हती. आण्णा म्हणत होते, “आवो, तुमचीच गाडी आलती.” अंमलदार म्हणाले, “आण्णा, त्या दिवशी आमची गाडी तुमच्या गावाकडं आलीच नाही.” त्या वेळचा आण्णांचा चेहरा मी विसरणार नाही. चोरीचं दुःख त्यांनी पचवलं होतं. पण तेरा दिवस आपण सगळ्या गावाला खोटं सांगत फिरलो, ही गोष्ट त्यांना जास्त लागली.

ठाण्यानं त्याच दिवशी गुन्हा नोंदवून घेतला. उशिराचं कारण लिहून घेतलं आणि प्रतही हातात दिली. हे मुद्दाम सांगतो, कारण पोलिसांना नावं ठेवायची आपल्याला सवय असते. पण विम्याकडून पहिली विचारणा आली ती हीच, की चोरीनंतर तक्रारीला दोन आठवडे का लागले? मग खुलासा, त्यावर परत विचारणा, मग पाहणी. प्लेटा बसल्या त्या २०२५ च्या एप्रिलात.

मधल्या काळात बागेचं काय झालं?

डाळिंबवाल्या बंधूंना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. हस्त बहाराची फळं डिसेंबर-जानेवारीत फुगत असतात. या काळात पाणी थोडं चालेल, पण ते नियमित पाहिजे. आण्णांच्या पंपाच्या चार प्लेटा गेल्या म्हणजे दाब गेला. उरलेल्या प्लेटांवर पंप धड चालेना, सकाळी आणि सांजेला तर बंदच. ठिबकच्या शेवटच्या ओळींना थेंब पोहोचेना. आठ-दहा दिवस झाडं ताणली गेली. मग पोरानं उसनवारी करून टँकर आणला आणि एका दिवसात भरपूर पाणी दिलं. वाळलेल्या सालीत पाणी शिरलं की आतले दाणे फुगतात आणि साल ताणून तडकते. त्यात दिवसा ऊन आणि रात्री थंडी. फळं चरचर उकलली. उकललेल्या फळाला निर्यातदार हात लावत नाही, बाजारातही ते पाटीच्या तळाशी जातं. “टँकर आणण्याआधी मला फोन करायचा,” असं मी म्हणालो खरा. पण त्या वेळी पोराच्या जागी मी असतो, तर मीही टँकरच आणला असता.

आता आपण म्हणाल, यात त्या जीपवाल्यांचा काय दोष? त्यांनी चोरी केली नाही, पैसे मागितले नाहीत. खरं आहे. म्हणूनच मी त्यांना भेटायला गेलो. प्रकल्पाच्या फाटकावर एक पोरगा भेटला, चोवीस-पंचवीसचा, शेजारच्याच गावचा. वडिलांची दीड एकर कोरडवाहू, घरात ज्वारी आणि दोन शेळ्या. रात्री आठ ते सकाळी आठ ड्युटी. खाकी ड्रेसचे पैसे पगारातून कापलेले. मी आण्णांची हकिकत सांगितली. तो ओशाळला. म्हणाला, “सायेब, आमी पोलीस हाय आसं कदीच म्हनलो न्हाई.” थोडं थांबून म्हणाला, “पर न्हाई आसंबी म्हनलो न्हाई.”

त्या पोरावर माझा राग नाही, तुम्हीही धरू नका. आपलीच पोरं आहेत ती. दुष्काळी गावांत दहावी-बारावी झालेल्या पोरांना जवळपास जी नोकरी मिळते, ती आज हीच. रखवालदारांच्या नोकरीसाठी आणि कल्याणासाठी महाराष्ट्रानं १९८१ सालीच वेगळा कायदा केला, त्याखाली सुरक्षा रक्षक मंडळं आली. केंद्राच्या २००६ च्या नमुना नियमांत तर नव्या रखवालदाराला शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष कामावर प्रशिक्षण द्यावं, असं लिहिलं होतं. त्या पोराला विचारलं तर म्हणाला, एक दिवस शहरात बोलावलं होतं, फोटो काढले, चहा दिला, दुसऱ्या दिवशी जीपवर बसवलं.

त्याचा वरिष्ठ फौजेतून निवृत्त झालेला, बोलायला मोकळा. मी विचारलं, निळा-लाल दिवा कशाला? म्हणाला, “दिवा बघून चोर पळतो, साहेब. दिवा काढला तर चोर म्हणतील, आला वॉचमन.” त्याच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. जीप फिरायला लागल्यापासून त्यांच्या कुंपणाच्या आतली तारचोरी थांबली, हे गावकरीही सांगतात. पण चोरानं बांध ओलांडला आणि तो आण्णांच्या विहिरीवर गेला. जीपची राखण कुंपणापुरती आणि दिव्याचा उजेड मात्र गावभर! चोराला भुलवायला लावलेला दिवा बघून साधी माणसं भुलली. चोर म्हणे आधीच ओळखून असतात, कुठली गाडी खरी आणि कुठली नाही.

कायदा काय म्हणतो

मी काही वकील नाही, पण या प्रकरणापायी थोडं वाचन केलं. ते सोप्या भाषेत सांगतो.

खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ सालचा केंद्राचा नियमन कायदा आहे. परवान्याशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना पाच वर्षांचा असतो आणि कार्यालयात तो दिसेल असा लावावा लागतो. याच कायद्याचं एकविसावं कलम गणवेशाबद्दल आहे. सैन्याचा किंवा पोलिसांचा गणवेश, किंवा त्यासारखा दिसणारा पोशाख रखवालदारानं घातला, तर तो आणि संस्थेचा मालक, दोघंही गुन्हेगार. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालकही, हे लक्षात घ्या. नाहीतर आपल्याकडं गळ्यात दोर पडतो तो नेहमी पोराच्या. शिवाय आपण सरकारचाच भाग आहोत असं संस्थेनं कुठल्याही प्रकारे भासवलं, तर तिचा परवाना रद्द होऊ शकतो.

गस्तीच्या गाडीचा रंग कसा असावा, यावर मात्र त्या कायद्यात असं रोखठोक कलम नाही. फट आहे ती इथं. पण दिव्याचं आणि भोंग्याचं तसं नाही. ते मोटार वाहन नियमांत येतं. २०१७ साली एक मेपासून मंत्र्यासंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे निघाले, हे आपल्या लक्षात असेल. गावोगावच्या पुढाऱ्यांची त्या दिवशी फार पंचाईत झाली होती! त्याच वेळी ठरलं, की लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा फक्त तातडीच्या कामावरच्या गाड्यांना. म्हणजे अग्निशामक दल, कायदा-सुव्यवस्था सांभाळणारे पोलीस व सशस्त्र दलं, आणि आपत्तीच्या वेळी काम करणाऱ्या गाड्या. सौर प्रकल्पाची राखण ही काही आपत्ती नव्हे. वेगवेगळ्या सुरांत वाजणारा भोंगाही रुग्णवाहिका, अग्निशामक, पोलीस अशा मोजक्या गाड्यांनाच. म्हणजे गाडी कोणत्याही रंगाची असो, टपावरचा निळा-लाल दिवा आणि कुईकुई भोंगा खासगी जीपला चालत नाही.

आणि कुणी सरळ सरळ ‘मी पोलीस आहे’ म्हणून हुकूम सोडायला लागला, तर तो मोठा गुन्हा. पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम १७० आणि १७१ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ही कलमं २०४ आणि २०५ झाली. तोतया सरकारी नोकराला कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड. नुसता तसा वेश करून फसवण्याचा हेतू दिसला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

इथं एक कबुलीही देऊन टाकतो. आमच्या खात्यानं मोहिमेच्या काळात भाड्यानं जीप घेतली, की तिच्या काचेवर ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटी लागते. एकदा त्या जीपनं मी माझ्या घरच्या कामाला गेलो होतो. ढाबेवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत आणि पुढच्या चौकात एका खतवाल्यानं अर्धं शटर खाली ओढलं. मी काहीच बोललो नव्हतो, पाटी बोलली होती. तेव्हा त्या फाटकावरच्या पोराचं ‘न्हाई आसंबी म्हनलो न्हाई’ मला चांगलंच समजतं.

रस्त्यावर अडवलं तर

आण्णांचं प्रकरण कळल्यावर आणखी लोक बोलायला लागले. टोमॅटोचा टेम्पो घेऊन रात्री निघालेल्या एका पोराला फाट्यावर अशाच जीपनं थांबवलं, लायसन मागितलं, मालाची पावती मागितली. त्यानं घाबरून आपणहून दोनशेची नोट पुढं केली. ती घेतली गेली. दुसऱ्या गावात गवताला जाणाऱ्या बायकांना जुन्या पाणंदीवरून परत फिरवलं.

बंधूंनो, सार्वजनिक रस्त्यावर गाडी थांबवून लायसन आणि कागद मागण्याचा अधिकार गणवेशातल्या पोलिसाला आणि मोटार वाहन खात्याच्या अधिकाऱ्याला आहे. प्रकल्पाच्या फाटकाच्या आत रखवालदार तुम्हाला विचारू शकतो, रजिस्टरवर सही मागू शकतो. ती त्याची जागा आहे आणि तिथं आपण अरेरावी करू नये. फाटकाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर तो तुमच्याइतकाच. डोळ्यांदेखत कुणी मोठा गुन्हा करताना दिसला तर त्याला कुणीही नागरिक पकडू शकतो, रखवालदारही. पण विनाकारण उशीर न लावता, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं, असं नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं चाळिसावं कलम सांगतं. चार तास खोलीत बसवून ‘समज देऊन’ सोडणं, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. आणि पाणंद अडवली असेल तर रखवालदाराशी हुज्जत घालण्यापेक्षा तहसीलदारांकडं अर्ज द्या. वहिवाटीचा रस्ता मोकळा करून देण्याचा अधिकार १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्यानं त्यांना आहे.

मग गाडी ओळखायची कशी? दिव्यावरून नाही, रंगावरून नाही. आपल्याकडच्या पोलीस गाडीवर ‘पोलीस’ हा शब्द सरळ लिहिलेला असतो, आणि बहुधा ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीदही. ‘सुरक्षा’, ‘गस्त’, ‘सिक्युरिटी’, ‘पॅट्रोल’ यांपैकी काही लिहिलं असेल आणि ‘पोलीस’ हा शब्द कुठंच नसेल, तर ती पोलिसांची गाडी नव्हे. माणूस ओळखायचा तर छातीवरची नावाची पट्टी आणि बक्कल नंबर बघा. खासगी रखवालदाराला संस्थेनं फोटोचं ओळखपत्र द्यावंच लागतं आणि त्यानं ते अंगावर बाळगायचं असतं. नम्रपणे विचारायला काही हरकत नाही, “साहेब, आपण कुठल्या ठाण्याचे?” खरा पोलीस या प्रश्नाला चिडत नाही. चिडलाच तर ११२ ला फोन करा, दोन मिनिटांत कळेल.

चोरी झाली तर हे आधी करा

वहीत लिहून घेतलं म्हणजे तक्रार झाली, असं नव्हे. पोलिसांच्या वहीतसुद्धा नव्हे! तक्रार झाली याचा पुरावा म्हणजे हातात पडलेली एफआयआरची प्रत, आणि ती फुकट मिळते. तोंडी सांगितलं तर ठाण्यानं ते लिहून, वाचून दाखवून, मग सही घ्यायची असते. हद्दीचा वाद सांगून कुणी परत पाठवू लागलं, तर आता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, ते पुढं योग्य ठाण्याकडं पाठवतात. पोराकडं मोबाईल असेल तर ऑनलाइन माहिती देता येते, पण मग तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही करावी लागते. इथं बरेच जण घसरतात. आणि ठाण्यानं घेतलंच नाही, तर लेखी अर्ज टपालानं पोलीस अधीक्षकांकडं पाठवा. पोचपावती जपून ठेवा.

एक बारीक गोष्ट. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांच्या आतली चोरी अदखलपात्र धरली आहे. केबलचा तुकडा गेला तर आपण ‘असेल दोन-तीन हजाराचा’ असं मोघम सांगतो आणि प्रकरण तिथंच बसतं. म्हणून काय गेलं, किती मीटर, आज त्याचा भाव काय, हे बिल बघून खरं आणि पूर्ण सांगा. फुगवू नका, पण कमीही सांगू नका.

आणि सौर पंपवाल्यांनो, आज संध्याकाळीच एक काम करा. प्रत्येक प्लेटेच्या मागं चिकटवलेल्या पट्टीवर क्रमांक असतो. सगळे क्रमांक वहीत उतरवा, मोबाईलवर फोटो काढा, पंपाच्या कागदांत ठेवा. आण्णांचे क्रमांक कुणाकडंच नव्हते. बसवणाऱ्याच्या यादीतून ते शोधण्यात आमचे आठ दिवस गेले. उद्या कुठं चोरीच्या प्लेटा पकडल्या, तर या आपल्याच आहेत हे नंबराशिवाय सांगणार कसं? सगळ्या प्लेटा दिसायला सारख्या, मेंढरांना निदान कानाला खूण असते.

गावात पोलीस पाटील असतील तर त्यांना त्याच सकाळी कळवा. गुन्ह्याची खबर ठाण्याला देणं हे १९६७ च्या कायद्यानं त्यांचं कामच आहे. बऱ्याच गावांत हे पद रिकामं असतं, ते वेगळं दुखणं. ग्रामसुरक्षा दल ही जुनी चाल आहे, काही गावांनी ती परत सुरू केली आहे. चार पोरं, काठी, शिट्टी, बॅटरी, आणि ठाण्याला आधी दिलेली नावांची यादी. दिव्याची गरज त्यांना लागत नाही, कारण गावातलं कुत्रंही त्यांना ओळखतं.

त्या सुरक्षा संस्थेचं काय झालं, असं आपण विचाराल. आण्णांच्या प्रकरणानंतर ग्रामपंचायतीनं ठराव करून ठाण्याला आणि परिवहन कार्यालयाला पत्र दिलं. महिन्या-दीड महिन्यानं टपावरचा निळा-लाल दिवा निघाला, तिथं पिवळा आला. कपडे मात्र अजून खाकीच आहेत, फक्त दंडावर संस्थेचं चिन्ह शिवलंय. दारावर ‘सुरक्षा गस्त – खासगी’ अशी मराठी अक्षरं आली, मोठी. फाटकावरचा तो पोरगा मला दिसला की हसतो. म्हणतो, “सायेब, आता लोक हात करत न्हाईत. पर चोरबी येत न्हाई, दिवा पिवळा आसला तरी.”

आण्णांनी यंदा हस्त बहार धरला नाही, मृग धरलाय. प्लेटांच्या मागं लाल ऑइल पेंटनं गट नंबर रंगवलाय, एवढा मोठा की रस्त्यावरून वाचता येतो. परवा मी बागेत तेल्याची पाहणी करत होतो, तेव्हा बांधाला एक जीप थांबली. या वेळी खरी पोलिसांचीच, दुसऱ्या एका तपासासाठी आलेली. हवालदार उतरून आत आले आणि आण्णांना पत्ता विचारायला लागले. आण्णा खुरपं खाली ठेवून उठले, चष्मा नीट केला, जीपभोवती एक फेरी मारून दारावरची अक्षरं वाचली, मग हवालदारांच्या छातीपर्यंत वाकून बघितलं आणि म्हणाले,

“ठानं कंचं तुमचं? आन् बक्कल नंबर सांगा बगू आदी.”

हवालदारांनी एकदा माझ्याकडं बघितलं, हसले आणि नंबर सांगितला. आण्णांनी तो नातवाकडून वहीत लिहून घेतला. मग पत्ता सांगितला.